रबाळे, ई मायनर

कादंबरी जुनी. दोनशे वर्षांपूर्वीची, परदेशातली.
वाशीच्या रद्दीवाल्याकडे तीस रुपयांत मिळाली जिबिनला,
मुखपृष्ठ नव्हतं, शेवटची आठ पानं नव्हती.
तीत एक बाई मरते, परमुलखात,
आणि दर रात्री घराकडे चालत निघते
ओटीत आपल्या दारची मूठभर माती घेऊन,
कारण दुसऱ्या कुठल्या मातीवर तिला झोप लागत नाही.
(ओटी आमची. पुस्तकात एप्रन आहे.)
एवढंच. बाकी तीनशे पानं धुकं.

जिबिन म्हणाला, यावर गाणं होईल. काळं, संथ, सात मिनिटांचं.
मी म्हटलं, पडका किल्ला कुठून आणायचा?
आमच्या नोडमध्ये सगळ्यात जुनं काय, तर सिडकोची गळकी बिल्डिंग,
तीही रिडेव्हलपमेंटला गेलेली.
इथे भुताला सेक्टर सांगावा लागेल, प्लॉट नंबर,
आणि गेटवर ओटीपी.

तालीम एमआयडीसीत, स्प्रिंगच्या कारखान्याशेजारच्या गाळ्यात,
रविवारी, शटर अर्धं ओढून.
पलीकडच्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर
दिवसरात्र एकच सूर धरून असतो, ई च्या किंचित खाली.
दोन महिने आम्ही त्याच्याशी भांडलो.
मग मी बेसच्या तारा सैल केल्या
आणि त्याच्या सुरात जाऊन बसलो.
गाणं तिथून सुरू झालं, खरं तर.

मे महिना. रेश्मी मढवी काळा कोट घालून गायची,
काजळ हनुवटीपर्यंत.
पावणेच्या बाजूने वारा आला की घशाला केमिकलची चव.
"धुकं पाहिजे होतं ना तुम्हाला?" ती खोकत म्हणायची. "घ्या."

शेवटचं कडवं तिच्याकडे होतं. पुस्तकात ते नव्हतंच,
ती आठ पानं कुठेतरी भेळेखाली गेली असणार.
तिने काही लिहून आणलं नाही.
सगळे थांबून माझा बेस एकटा उरला, तेव्हा
हलक्या आवाजात नावं घेऊ लागली:
लांबखाचर. दोनबांध. काळी उघाडी.
चिंचेखालचा तुकडा. बायजीचं खारं.
आम्हाला वाटलं, मंत्र.
जिबिनने तर त्यावर रिव्हर्ब चढवला.
रेश्मी घणसोलीची. शेतं होती ती.
आता कुठल्या टॉवरच्या, कुठल्या पार्किंगच्या पोटात,
आणि साडेबारा टक्क्यांची फाइल अजून फिरतेच आहे.

कार्यक्रम वाशीत, बंद पडलेल्या फर्निचर शोरूमच्या तळघरात.
माणसं एकतीस, त्यातली सहा माझ्या ऑफिसची.
रेश्मीची आई हौसाबाई मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत,
बाजारातून थेट आलेली, पाटी पायाशी.
पहिली सहा मिनिटं ती मोबाईल बघत होती.
नावं सुरू झाली तसा तिने तो कमरेला खोचला.
काळी उघाडीनंतर रेश्मी अडखळली, विसरली,
आणि अंधारातून, रागावल्यासारखा, आवाज आला:
"कोंडाजीचा कोपरा!"
मग आणखी एक नाव. मग दोन, जी रेश्मीलाही माहीत नव्हती.
जिबिन डोळे वटारून माझ्याकडे. मी तारेवरचं बोट काढलं नाही.
सात मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चाललं.
टाळ्या आल्या, थोड्या, गोंधळलेल्या.

वायरी गुंडाळताना हौसाबाई जवळ आली.
"मेलेल्या बायचा गाना व्हता ना यो?"
हो, म्हटलं.
"मंग ती मेली कवा?"
आणि पाटी उचलून जिना चढू लागली.

मी राहतो ऐरोलीत, चौदाव्या मजल्यावर.
गिटार भिंतीला टेकवून दाराबाहेर आलो, पाहिलं,
मूठभर उचलायची झालीच तर काय उचलणार.
टाइल्स. कुणाच्या तरी चपला.
तुळशीच्या कुंडीत हात घातला:
हलकं, तपकिरी, नर्सरीवाल्याचं कोकोपीट.
बोटं झटकली, दार लावलं.
आत फ्रिज सुरू झाला.
ई च्या किंचित खाली.