उसना तीन

ब्रिजटाउनच्या रमच्या दुकानात आज एकच विषय :
कॉर्बिनचे तीनशे एकाहत्तर.
"विक्रम मोडला, आता वाद कसला?"
डॉमिनोची सोंगटी आपटत स्कँटलबरी म्हणतो.
"पाटा खेळपट्टी," येरवुड गुरगुरतो,
"माझ्या मावशीनेही काढले असते."

मी गप्प.
दोन दिवस धावफलकामागे, पत्र्याच्या उकाड्यात
मी आकडे टांगत होतो.
तीनच्या पाट्या मोजून चार, चारही अडकलेल्या.
त्रिशतक झालं तेव्हा
पाहुण्या फिरकीवाल्याच्या बळींमधला तीन काढला
आणि इकडे लावला.
अठ्ठेचाळीस षटकं टाकलेला तो पोरगा
रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला.

मैदान उभं राहून गर्जत होतं.
कॉर्बिनने बॅट उंचावली, फलकाकडे पाहिलं,
थबकला.
मग पोराकडे बोट दाखवत
माझ्या दिशेने तीन बोटं वर केली.
लोकांना वाटलं, तीनशेची.

मी खडूने लिहिला तो तीन, पत्र्यावर, वेडावाकडा.

थोर आहे का? येरवुडला विचारा,
त्याला सगळं कळतं.
रात्री सर येऊन गेली.
सकाळी पाहिलं तर तीन
अर्धा शिल्लक होता.
मी परत गिरवला.