पंचवीस ग्रॅम

कोथिंबिरीची पेंडी मी हातमोजा घालून उचलते.
मल्लव्वा हसते.
'काय ओ मॅडम, साप हाय का त्यात?'

सकाळचे सव्वासहा. मंडईच्या मागच्या दाराशी
टेम्पो रिकामा होतोय,
शेपू, चुका, पुंडी, ओली पोती,
पोत्यांवर बसून आलेला माणूस, त्याच्या चपला.
मी वहीत लिहिते: पोती. चपला.
मग चपला खोडते.

नमुना अकरा, मेथी, नाल्याकडचं रान.
नमुना बारा, कोथिंबीर, रान कुठलं ते सांगत नाहीत.
नमुना तेरा,
मल्लव्वाची बादली.

पहाटे चारला ती भरते, घरच्या पिंपातून,
रिक्षात दोन गुडघ्यांत धरून आणते,
कारण मंडईच्या नळाला तोटी आहे, पाणी नाही,
आणि घरी पाणी पाचव्या दिवशी.
मग दिवसभर तीच.
त्यातूनच शिंपडायचं, त्यातच हात बुचकळायचे,
नोटा मोजलेले, नातवाचं नाक पुसलेले,
पुन्हा मेथीवर, पुन्हा नोटांवर.
दुपारपर्यंत बादलीचा तळ दिसेनासा होतो.
भाजी मात्र टवटवीत.
गिऱ्हाईक टवटवीत बघूनच घेतं.

आमच्या घरात वजन म्हणजे सुताचं.
वडील कोन हातात घेऊन, न तोलता, सांगायचे.
मी काट्यावर पानं ठेवते, एकेक,
पंचवीस ग्रॅम.
तारेच्या कडीने थाळीवर रेघा ओढते
ताण्यासारख्या, एकमेकींना न शिवणाऱ्या.
बाहेर बेचाळीस अंश.
आत, काचेच्या कपाटात, सदतीस.
एप्रिलात या गावात
जंतूंचीच जागा गार.

दुसऱ्या दिवशी झाकण उचललं
तर जांभळ्या थरावर हिरवी झळाळी,
सोनकिड्याच्या पाठीची,
आईच्या लग्नातल्या काठाची.
किती देखणी दिसली, याची मला लाज वाटली.
ई. कोलाय. मुक्काम, माणसाचं आतडं.
म्हणजे कुणाच्या तरी पोटातून निघून
नाला, मोटर, वाफा, पोतं, बादली,
आणि आता कांद्यावर, लिंबाखाली,
परत कुणाच्या तरी पोटाच्या दारात.

सर म्हणाले, तक्त्यात विक्रेत्याचं नाव नको, क्रमांक घाल.
मल्लव्वा चौदा पेंड्या राखून विचारते,
'पास का नापास ओ?'
'पाणी वाईट आहे, मावशी.'
'कुठलं पाणी? नळाचं, नाल्याचं, का माझं?'

दुपारी ती कडक भाकरी मोडते,
शेंगाचटणीला तीच मेथी, कच्ची, त्याच हाताने.
'आमाला काय होत नाही ओ.'
मग थोड्या वेळाने, पेंड्या फिरवून ठेवत,
'गेल्या श्रावणात नातवाला सिव्हिलला नेलतं. चार बाटल्या लावल्या.
ते नजर लागलती.'

ती स्वतः संध्याकाळपर्यंत घोटभरही पीत नाही.
बायकांच्या संडासाला कुलूप आहे.
किल्ली कुणाकडे, यासाठी
आमच्या तक्त्यात रकाना नाही.

निघताना तिने एक पेंडी पिशवीत कोंबली.
पैसे घेतले नाहीत.
हातमोजे तोवर मी काढले होते.

घरी आज चौथा दिवस. पिंपात वीतभर पाणी.
भाजी तीन पाण्यांतून धुवा,
हे पोस्टर माझंच, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत,
चित्र सुद्धा मीच काढलंय, तीन पातेली, हसरी बाई.
मी एका पाण्यात धुतली.
ते पाणी मोरीतल्या बादलीत ठेवलं, फरशीला होईल.

'उकळतानाच टाक,' मी म्हणाले.
'मग वास जातो,' आई म्हणाली,
आणि डाळ खाली उतरवून
वरून भुरभुरली.

वास खरंच छान होता.
वडिलांनी दोनदा भात घेतला.
मी लिंबू चिरत होते, हळूहळू,
बिया बाजूला काढत.