रीडिंग

वही उघडून मी सांगू लागलो:
अठ्ठेचाळीसपर्यंत काही नाही.
चोपन्नला मुठीत मुंग्या,
अठ्ठावन्नला तळव्यांखाली गुदगुल्या,
साठला आरशातला रस्ताच विरघळतो,
मागे ट्रक आहे की पळस, कळत नाही.
आणि मूठ सोडली तरी तीन सेकंद
गाडी माझं ऐकत नाही.

मी वीज मंडळाचा रीडिंगवाला.
बोरी फाट्यापासून अकरा गावांचे मीटर फिरतो,
आकडा लिहिल्याशिवाय मला काही दुखतही नाही.

उकंडराव बाभळीखाली रॉकेलात चैन धूत होता.
"वही ठेव खिशात, बाप्पा.
बिमार कोन हाय, तू का गाडी?"

डबल स्टँडवर लावली, न्यूट्रलमध्ये रेस केली.
चाक जागचं हललं नाही. थरथर तीच.
"मंग चाकाचं काम नाय. चैनचं बी नाय."
चाकावर संशय धरून गेल्याच महिन्यात
मी नवा टायर घातला होता, चौदाशेचा.
ते वहीत होतं. बोललो नाही.

पेचकसाचं टोक इंजिनवर,
लाकडी मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून तो ऐकत राहिला.
हेडपाशी काही नाही. क्लचपाशी काही नाही.
खाली, इंजिन फ्रेमला धरतं तिथे
त्याचं तोंड वाकडं झालं,
भातात खडा लागावा तसं.

प्राप्ती तोवर सीटवर चढून हँडल फिरवत होती.
"बाबा, डावीकडे नेलं का ओरडते."
"कोन?"
"गाडी."
पुन्हा डावीकडे. इंजिन चढलं.
उजवीकडे. उतरलं.

टाकीखाली सुतळीने आवळलेली एक्सिलेटरची वायर,
वरचं आवरण दुमडलेलं,
आतल्या तारा जुन्या खराट्यासारख्या फिस्कटलेल्या.
"पोरगी ठेव माह्याकडे," उकंडराव म्हणाला,
आणि खालचा बोल्ट काढला.

तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिला.
कल्टिव्हेटरचा बोल्ट, भोकाहून बारीक,
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.
भोक घासून घासून लंबगोल.
"कोण्या गाढवानं बसवला हा?" मी विचारलं.

"म्याच."

त्या रात्री लाइन गेली होती, माझ्याच मंडळाची.
ट्रॅक्टरच्या उजेडात त्याने हा ठोकला.
मागे सुनंदा कण्हत होती,
तिच्या मागे तिला कवळ घालून माझी आई.
"यवतमाळपुरता हाय म्हनलं होतं तुले. उद्या ये म्हनलं होतं."
मी आलो होतो, पेढे घेऊन.
बोल्टाचं दोघंही विसरलो.

तो उद्या आता तिसरीत आहे,
बाराचा पाना मागितला की चौदाचा देतो.

नवी वायर. नवा बोल्ट, त्याचे पैसे घेतले नाहीत.
जुना त्याने फेकला नाही,
ग्रीसच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

लाडखेडपर्यंत जाऊन आलो. चोपन्न. अठ्ठावन्न. साठ.
मूठ सोडली की गाडी लगेच खाली बसते.
आरशात प्राप्तीची सुटलेली वेणी,
तिच्या मागे ट्रक. त्याचा नंबरसुद्धा वाचला.

हात पुसत उकंडराव म्हणाला,
"आन् तुह्या गाडीचा काटा सहानं पुढं पळते,
मालूम हाय ना?"

वही काढली.
मागची पानं चाळली, पेनाचं टोपण काढलं.
मग लावलं.