कोटाचं बटण

दर शुक्रवारी माझगावात, फिलोमिनाच्या तिसऱ्या मजल्यावर,
तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या शिवणाच्या डब्यातून
निघतात आमचे पैसे.
शर्टाचं बटण दहाचं. कोटाचं शंभराचं.
पितळी, नांगर कोरलेलं, कुणा बोटीवरच्या अधिकाऱ्याचं
लावायचं राहून गेलेलं, ते पाचशेचं.
हिशेब बारानंतर, खऱ्या नोटांत.

माझ्या हातात दोन नव्व्या, बदाम आणि चौकट.
तिसरी टेबलावर, इस्पिकची. शेजारी इस्पिकचीच चव्वी,
आणि राणी, आणि परत राणी.
फुल हाऊस.
इतकं भरलेलं घर
मला माझ्या बँकेनेही कधी कर्जावर दिलं नाही.

शेवटचं पान पडलं: इस्पिकचा राजा.
मी लावले.
इतका वेळ त्रिलोकेकर नुसते माझ्या मागून येत होते,
जिन्यात पुढच्याला वाट देत चढावं तसे.
आता त्यांनी दोन पितळी आणि एक कोटाचं
वेगळं काढलं, सरळ ओळीत मांडलं.
"वर अकराशे."
केकी शेंगदाणे सोलायचा थांबला.

मधे चव्वेचाळीसशे. मला घालायचे अकराशे.
पाचात एकदा जिंकले तरी फिट्टंफाट.
चौतीस वर्षं कॅशच्या खिडकीमागे बसले,
एवढं गणित बोटांना झोपेतही येतं.
त्यांच्याकडे इस्पिकची दोन असली
तर फ्लश, आणि डाव माझा.
राजा-राणी असली
तर त्यांचं घर माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर.

खोटी नोट अंगठ्याला कळते.
डोळ्यांनी बघायचीच नसते ती.
माणसावर अंगठा कुठे फिरवायचा?

त्रिलोकेकर बोटींच्या नुकसानीचे सर्व्हेअर.
भिजलेल्या पोत्यातला तांदूळ चावून सांगायचे,
हे समुद्राचं पाणी की गोदामातल्या नळाचं.
दुसऱ्यांचं खोटं चाखायचाच पगार घेतला त्यांनी.
असा माणूस स्वतः खोटं बोलायला गेला
तर आधी त्याच्याच तोंडाला चव येणार नाही?

अकरा वर्षांत शेवटच्या पानावर
त्यांनी कुणाला वर नेलेलं मी पाहिलेलं नाही.
पण तेच तर.
अकरा वर्षं खरं साठवत आलेल्या माणसाकडे
एका खोट्यापुरती पुंजी जमलेली असतेच.
ती मुदत ठेव, मी असते तर
आजच मोडली असती.

"कॉफी निवली गो तुझी," फिलोमिना म्हणाली.
गोदीकडून भोंगा आला, एक लांब, मग अर्धाच.
त्रिलोकेकर माझ्याकडे बघत नव्हते,
माझ्या पानांच्या पाठीकडेही नाही.
त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती.
ती त्यांनी पाहिली
आणि बांधली नाही.
ह्याचा अर्थ लावत मी किती वेळ बसले कोण जाणे.

भरल्या ताटावरून उठू नये, आई म्हणायची.
आई पत्ते खेळली नाही कधी.
मी दोन्ही नव्व्या पालथ्याच ढकलल्या.

त्यांनीही दाखवली नाहीत.
गड्डीत सारली, नीट पिसली,
केकीसमोर कापायला ठेवली.

उतरताना दुसऱ्या मजल्याच्या चौकात ते थांबले, नाडी बांधायला.
वाकूनच विचारलं, "काय होतं हो तुमच्याकडे?"
"दोन जोड्या," मी म्हटलं. "राजा, राणी."
क्षणभर गप्प.
जीभ दातांवरून फिरवल्यासारखी केली त्यांनी,
काही चावून पाहावं तशी.
"मग बरं केलंत," म्हणाले,
आणि दुसऱ्या बुटाची, न सुटलेली नाडीही
सोडून पुन्हा बांधली.

टॅक्सीत मूठ उघडली तेव्हा दिसलं:
कोटाचं एक बटण हातातच राहिलं होतं,
चार भोकांचं, घामाने ओलं.
चौतीस वर्षांत माझी कॅश
शंभराने कधी चुकली नव्हती.
डॉकयार्ड रोड मागे गेलं तरी
मी त्यावरून अंगठा फिरवत होते.