मान वळली पाहिजे

वर्षाला पस्तीस तास शिकायचं, असा नियम आहे.
त्यातले बारा अंगावर आलेत म्हणून
शनिवारी सकाळी पावणेनऊला मी हेक्समला,
गुरांच्या बाजारामागच्या हॉटेलात,
गळ्यात अर्धं नाव अडकवून बसलेय.
खांडेपारकर त्या बिल्ल्यात मावलं नाही.
शेजारी कार्लाइलचा एक तरुण, केसांत गवत,
रात्री तीनला वासरू ओढून थेट इकडे आलाय.
चहा कोमट. बिस्किटं मात्र चांगली.

डॉक्टर ऑर्ड ठेंगण्या, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत.
म्हणतात, स्कॅन विसरा.
कुत्रा खोलीत कसा येतो ते बघा.
आधी सांगा कुठे बिघडलंय.
काय बिघडलंय ते मागाहून.

बाबा सावंतवाडीत रेडिओ दुरुस्त करायचे.
पेटी उघडण्याआधी
असेच बोटाने टिचक्या मारत, कान लावून बसायचे,
आणि गिऱ्हाईक घाई करायचं.

मग मेजर आला, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड,
आमच्या शिक्षणासाठी उसना घेतलेला.
त्याचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवायचा
आणि मोजायचं.
त्याने मोजूच दिलं नाही.
पंजा सरळ केला, वर जांभई दिली.
आपला पाय कुठे आहे हे न बघता कळणं,
याला आपल्याकडे काय म्हणतात
ते मी वहीच्या कडेला शोधत राहिले.
'भान' असं लिहिलं.
पुरतं बसत नव्हतं, तरी खोडलं नाही.

जेवणानंतर पडदे ओढले. पडद्यावर एक डॅक्सहुंड,
कमरेखाली सगळं लुळं.
चिमट्याने बोट दाबलं, पाय झटकन मागे गेला.
किती जणांना वाटतं हिला कळलं?
अर्ध्या खोलीचे हात वर. माझाही.

नाही, ऑर्ड म्हणाल्या.
पाय ओढला तो कण्याने.
खालच्या खाली उरकलं, वर पत्ताच नाही.
मान वळली पाहिजे. केकाटली पाहिजे.
तुम्हाला चावली तर उत्तम.
त्याशिवाय दुखलं म्हणायचं नाही.

माझा हात अजून वरच होता.

अकरा वर्षांपूर्वीचा मार्च, शुक्रवार, दवाखाना बंद होता होता
नॉरिस डॉड, पोस्टमन, ओल्या गणवेशात,
जाकिटाच्या आत विल्मा.
मी बोट दाबलं, तिने पाय ओढला,
आणि मी हसून म्हटलं, बघा, तिला कळतंय.
पिंजऱ्यात ठेवा, हलू देऊ नका, सोमवारी या.
न्यूकॅसल तासाभरावर होतं.
शस्त्रक्रिया करणारे तिथे रात्रीही होते.
सोमवारी तो आला तेव्हा
सगळ्याच गोष्टींना उशीर झाला होता.
त्याने माझे आभार मानले.
पुढच्या आठवड्यात घरच्या डॅमसनच्या जॅमची बाटली आणून दिली.
आम्ही ती संपवली.

पुढच्या स्लाइडवर आकडा होता:
वेळेत पाठवलं तर शंभरातली पन्नास चालतात.
पन्नास.
मी ते लिहून घेतलं. मग पुन्हा लिहून घेतलं.
कार्लाइलचा तरुण बसल्या बसल्या झोपला होता.

शेवटी फॉर्म. या प्रशिक्षणाने
तुमच्या कामात काय बदलेल?
उत्तराला दोन ओळींची जागा.
लिहिलं: चिमटा घेताना पायाकडे न बघता
तोंडाकडे बघेन.

बाहेर गाडीच्या काचेवर दव जमलं होतं.
फोनवर आठवड्याची यादी आली.
मंगळवार, नऊ वीस: डॉड.
नवा टेरिअर, नखं कापायला.

मी त्याच्या तोंडाकडे बघेन.