समास

फॉर्ममागे अठरा रुपये.
"सांगता येत नाही" आलं तर नऊ.
कॉलेज रोडच्या ऑफिसात पंखा बंद करता करता
शिरसाठ सरांनी हे शेवटी सांगितलं,
तेव्हा मी सही करून मोकळी झाले होते.

वय, शिक्षण, घरात टीव्ही आहे का,
आणि मग खरा प्रश्न :
जगातली शहरं उन्हाळी खेळ भरवायला रांगेत आहेत,
आपल्याही एखाद्या शहरानं उभं राहावं का?
तीन चौकोन. पेन काळंच हवं.

रविवार कारंजावर मिसळवाले म्हणाले, उन्हाळी?
वैशाखात कोण पळतं हो, भोवळ येऊन पडतील.
नाव आहे तसं, काका.
असं होय. मग लिहा हो.
आणि तर्री झेपेल का त्या लोकांना, तेही लिहा.
त्याला चौकोन नव्हता.

पंचवटीत दाणीकाकू, ज्यांच्या दोन खोल्या
कुंभात बावीस जणांना पुरतात,
कीव आल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.
अगं, भरवायचं आम्हाला काय विचारतेस?
आमच्याकडे ना रांग, ना अर्ज.
गुरू सिंहेत आला की आलं सगळं जग दारात.
आधी रस्ता खणतात, मग पाहुणे येतात,
पाहुणे जातात,
खणलेलं तेवढं राहतं.
पण घाट काय उजळतात म्हणून सांगू!
आणि हा गॅलरीचा कठडा, हा त्याच पैशांतला.
म्हणजे हो की नाही, काकू?
चहा घे, म्हणाल्या.
नऊ रुपये.

तपोवनाच्या अलीकडे कचरू बोडके,
सातबाऱ्यावर साधुग्रामाचं आरक्षण,
माझ्या हातातला कागद लांबूनच बघून म्हणाले,
मोजणी असेल तर उद्या या.
मोजणी नाही, मत आहे, म्हटलं.
ते हसले. बराच वेळ हसले.
खुर्ची मात्र दिली.

आणि एक मुलगी, कांता भोये, सुरगाण्याकडची,
पहाटे मखमलाबादच्या कालव्याकाठी पळते,
दहा हजार मीटर.
तिला थांबवलं तर जागच्या जागी पळत राहिली,
अंग थंड व्हायला नको म्हणून.
प्रश्न नीट ऐकला. मग म्हणाली,
ताई, ते खेळ संपले की त्या मैदानाला
कुलूप लावतात का?

मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.
आमच्या इथल्या ट्रॅकला लावतात, ती म्हणाली,
सातला. चावीवाला मामा सुट्टीवर असला तर उघडतच नाही.
मग तिचं घड्याळ वाजलं आणि ती गेली.
मी समासात लिहिलं : कुलूप?

संध्याकाळी घाटावर बसून मोजले.
एकूण साठ हवे होते, आठ कमी.
आणि नऊ-नऊ रुपयेवाले तेवीस.
समोर कुणी दिवा सोडत होतं,
तो पायरीलाच अडकून फिरत होता.
मी काळं पेन काढलं.
वय चाळीस, पदवीधर, टीव्ही आहे, हो.
वय एकोणतीस, बारावी, टीव्ही आहे, हो.
काकूंनासुद्धा मी हो करून टाकलं.
चहा प्यायले होते, तरी.

महिन्यानं छापून आलं :
नाशिक, एक्काहत्तर टक्के अनुकूल.
शेजारी हसऱ्या माणसांचा फोटो,
त्यातलं एकही माणूस मला भेटलेलं नाही.
समास स्कॅनमध्ये येत नाही, शिरसाठ सर म्हणाले,
तिकडे कशाला लिहीत बसतेस?

परवा सहाला ट्रॅकशी गेले.
फाटक बंद. मामा सुट्टीवर.
कांता आली, माझ्याकडे एकदा पाहिलं,
काही विचारलं नाही,
बूट काढून माझ्या हातात दिले
आणि भिंतीवर चढली.

पलीकडून तिचा हात वर आला.
टाच झिजलेले ते बूट, अजून जरा ओलसर,
मी एकेक करून वर दिले.
मग तिथंच उभी राहिले,
आतून फक्त पावलं ऐकू येत होती,
मी फेऱ्या मोजत होते.