सटीची रात

बेबी ऑफ सुलक्षा.
पेटीवरच्या पट्टीवर नाव म्हणून एवढंच,
खाली वजन: चौदाशे वीस ग्रॅम.

मी चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकणारा.
वजन म्हटलं की मला गाड्या दिसतात,
डाव्या अंगाला टेम्पो आला तर उजवीकडे दोन मोटारी,
नाहीतर बोट कलते.
चौदाशे वीस कुठल्या अंगाला घ्यायचे
कळेना.

पहिल्या दिवशी सिस्टर आल्सिनाने दारातूनच परतवलं.
"डिझेलाचो वास येता. न्हावून यो."
बांबोळीच्या त्या खालच्या न्हाणीघरात
तीनदा साबण लावला,
नखांतलं ग्रीस ब्लेडने खरवडलं,
तरी हात माझेच राहिले.

मग शर्टाची बटणं सोडायला लावून
खुर्चीत रेलवलं मला
आणि छातीवर ती ठेवली,
टोपी, मोजे, नाकात नळी,
वरून माझाच शर्ट.
"हालूं नाका. आतां तूंच पेटी."

मध्येच ती श्वास घ्यायला विसरते.
विसरते म्हणजे काय, मी विचारलं.
विसरते.
आल्सिनाने तळपायाला टिचकी मारली,
यंत्र ओरडायचं थांबलं.
मलाही शिकवली. जोरात नाही,
झोपलेल्या उतारूला धक्का आला सांगताना
खांद्याला बोट लावतो, तेवढीच.

सुलक्षा दर तीन तासांनी
टाक्यांवर हात धरून जिना उतरते.
वाटीच्या तळाला दूध.
"एवढंच?"
"तिचें पोट तितलेंच गो."

शेजारच्या पेटीत बायण्याच्या निंगव्वाचा मुलगा होता.
बुधवारी सकाळी पेटी पुसत होते.
फ्रिजमध्ये तिच्या नावाची वाटी
गुरुवारपर्यंत होती.
सुलक्षाने आपली वाटी
तिच्या वाटीला चिकटून ठेवली नाही,
दूरही ठेवली नाही.

आज सहावी रात.
आईचा फोन: पाटावर कोरी वही ठेवलीय, पेन ठेवलंय,
दिवा विझू देत नाही मी,
तिथे तुम्ही कुणी झोपू नका,
सटी येऊन लिहून जाते.
इथे दिव्याला परवानगी नाही.
मी जागा आहे.

दोन वाजता आल्सिना येते,
तक्ता मांडीवर घेऊन लिहू लागते:
तापमान छत्तीस पॉइंट सहा.
दूध दहा मिली, पचलं.
श्वास विसरली, एकदा.
पेन उमटत नाही. झटकते, पुन्हा झटकते,
मग माझ्या खिशाकडे बघते.

खिसा म्हणजे तिच्या डोक्यापासून चार बोटं.
मी श्वास धरून
गाड्यांच्या पावत्या फाडताना लागतं ते पेन
हळूच ओढतो.
ती ते स्पिरिटने पुसते,
आणि उरलेलं लिहिते, बरंच काही,
मला उलटं दिसतं, वाचता येत नाही.

जाताना पेन परत द्यायला ती विसरते.
मी मागत नाही.